गळक्या नळाची परीक्षा

विद्यापीठाच्या भाषा विभागात मी व्यावहारिक इंग्रजी शिकवते, आणि वर्गात मी पगारी खडूस आहे. गंमत नाही, माझं कामच ते. तळमजल्यावरच्या माझ्या वर्गात एक फोन आहे आणि शेजारच्या सामानाच्या खोलीत दुसरा. विद्यार्थी इकडून फोन लावतो. तिकडे मी कधी बँकेतली कारकून होते, कधी दवाखान्यातली बाई, कधी घरमालकीण. मी जांभया देते, मध्येच तोडते, ‘उद्या बघू’ म्हणते आणि दाणकन फोन आपटते. अशा बाईकडून इंग्रजीत काम करून घ्यायचं, हा अभ्यास.

आमची मुलं हुशार आहेत. जाडजूड कादंबऱ्या मूळ इंग्रजीतून वाचतात, एकेका कवितेवर दहा-दहा पानं लिहितात. पण फोनवर कुणी खेकसलं की त्यांची ततपप होते. पहिल्याच वाक्याला माफी. सॉरी, माझं इंग्रजी कच्चं आहे. सॉरी, तुम्हाला त्रास देतोय. अरे, नळ गळतोय तुझा, भाडं भरतोस तू, आणि सॉरी कसलं म्हणतोस? माझ्या अंगाचा तिळपापड होतो. म्हणून मी वर्गाला नियमच घालून दिले. विनाकारण सॉरी म्हटलं की पहिल्यापासून सुरू. फोन कापला की पुन्हा लावायचा. आणि ‘उद्या’ हे उत्तर धरायचं नाही. किती वाजता ते विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

या नियमांवर सगळ्यात जास्त अडखळायची ती कुजबुज. हे नाव वर्गाने ठेवलेलं, आणि तिलाही ते मान्य होतं, कारण ती बोलायची तेच मुळी कुजबुजत. साहित्यात वर्गात पहिली. पण गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत फोन हातात धरून नुसती रडली आणि याच विषयात नापास झाली. यंदाही राहिली तर पदवी नाही. मग मामाच्या चष्म्याच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे घरी ठरून गेलेलं. मामाने तिला बजावलं होतं की फोन उचलायची हिंमत नाही तर इंग्रजी शिकून तरी काय दिवे लावणार. मामाचा मला फार राग यायचा, आणि अधूनमधून तो खरं बोलतोय याचाही.

वर्षभर कुजबुज माझ्या ‘उद्या’पाशी येऊन थांबायची. मी ‘उद्या’ म्हटलं की थँक यू म्हणून फोन ठेवून द्यायची. मी पलीकडून ओरडायची, ‘अगं, उद्या किती वाजता?’ ती खाली मान घालून पुन्हा फोन लावायची. पुन्हा तेच.

परीक्षेच्या तोंडावर विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. साहेबांना माझा वर्ग म्हणजे उद्धटपणाची शिकवणी वाटायची. यंदा तोंडी परीक्षा शिस्तीत होईल, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी स्वतः लिहिलेले संवाद मुलांनी पाठ करायचे, आणि फोनच्या पलीकडे मी नाही, ते बसणार. मी म्हटलं, ही पोपटपंची झाली. ते म्हणाले, माझं कंत्राट दर वर्षी त्यांच्याच सहीने पुढे सरकतं. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, तरी ही पोपटपंचीच आहे.

कुजबुजने संवाद घडाघडा पाठ केले. परीक्षेच्या सकाळी जिन्यात मला गाठून विचारलं, ‘मॅडम, पाठ केलेलंच म्हणू ना?’

माझ्या जिभेवर वेगळंच काही होतं, पण डोळ्यांपुढे चष्म्याचं दुकान आलं. ‘म्हण,’ मी म्हटलं. ‘पास होशील.’ हे सांगताना मला माझीच लाज वाटली.

बाहेरच्या विद्यापीठातून एक परीक्षक बाई आल्या होत्या. सर्दीने हैराण, हातात रुमाल. त्या आणि मी वर्गात बसलो, फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. साहेब सामानाच्या खोलीत आपले कागद घेऊन बसले. संवाद सगळ्यांना एकच, गळक्या नळाचा. भाडेकरूने घरमालकाला फोन करून नळ दुरुस्त करून घ्यायचा.

घोटाळा पहिल्याच मुलाला झाला. साहेबांच्या हातून दोन पानं एकदम उलटली जाऊन नळाच्या जागी ग्रंथालयाचा संवाद पुढ्यात आला असावा. मुलगा म्हणाला, खोलीभर पाणी झालंय. साहेब उत्तरले, पुस्तक परत करायची तारीख उलटून गेली आहे. मुलाने पाठ केलेलं पुढचं वाक्य म्हटलं, की प्लंबर पाठवल्याबद्दल आभारी आहे. साहेबांनी ग्रंथालयाच्या वेळा सांगितल्या. दोघांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या आणि संभाषण संपलं. साहेब ऐकतच नव्हते, वाचत होते. दुसरी मुलगीही तशीच गेली, तिसराही. परीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

मग कुजबुज आली. तिने फोन लावला आणि नेहमीच्या बारीक आवाजात, इंग्रजीत, खोलीभर पाणी झाल्याचं सांगितलं. साहेबांनी पुस्तकाची तारीख काढली.

तिचं पुढचं वाक्य तयार होतं, मला माहीत होतं. ते म्हटलं असतं तर सुटली असती. मी मनात म्हणत होते, म्हण गं बाई, म्हणून टाक. पण तिने ते म्हटलं नाही.

‘मी पुस्तकाबद्दल बोलत नाहीये,’ ती इंग्रजीत म्हणाली. ‘माझ्या खोलीत पाणी आहे. तुम्ही माझं ऐकत नाही आहात.’

पलीकडे कागद खसखसले. साहेबांनी जरबेने सांगितलं, संवादाप्रमाणे बोल. आणि फोन ठेवला.

कुजबुजने पुन्हा लावला. साहेबांनी पुन्हा ठेवला. तिने पुन्हा लावला. तिची बोटं आकडे बरोबर दाबत होती. या खेपेला फोन वाजतच राहिला, आणि साहेब स्वतःच दार ढकलून वर्गात आले. चेहरा लालबुंद. तोंडातून इंग्रजीच येत होतं, कारण परीक्षक बाई समोर बसल्या होत्या.

‘माझी माफी माग,’ ते म्हणाले. ‘नाहीतर नापास.’

कुजबुजने माझ्याकडे पाहिलं. एवढा वेळ खिडकी बघत बसलेली मी उठून उभी राहिले. या मुलीने माफी मागावी असं तिने काहीही केलेलं नाही, असं मी सांगितलं, आणि तिला नापास करणाऱ्या गुणांखाली माझी सही मिळणार नाही, हेही. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षीचं बघून घेतो. मी म्हटलं, खुशाल बघा.

फोन अजून तिच्या हातातच होता. तो तिने खाली ठेवला नाही.

‘सर,’ ती म्हणाली. इंग्रजीतच, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. ‘खोलीत अजून पाणी आहे. माणूस कधी पाठवताय?’

साहेबांचा तोल गेला. ‘उद्या!’ ते कडाडले. ‘उद्या पाठवतो! झालं?’

मला वाटलं, आता थँक यू म्हणेल आणि फोन ठेवेल. वर्षभर तेच करत आली होती.

‘उद्या किती वाजता?’ कुजबुजने विचारलं.

परीक्षक बाईंनी रुमाल बाजूला ठेवला, पेन उघडलं आणि त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘सांगा ना सर, मीही थांबले आहे.’

‘दहा वाजता,’ साहेब पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुजबुजले असतील.

‘थँक यू,’ ती म्हणाली आणि मग फोन ठेवला.

बाईंनी गुण लिहून कागद माझ्याकडे सरकवला. त्या वर्षी सगळ्या वर्गात तेवढे गुण दुसऱ्या कुणाला नव्हते. मी त्याखाली चांगली ठसठशीत सही केली, आणि साहेबांनी सही करावी म्हणून माझंच पेन त्यांच्यापुढे धरून उभी राहिले.