हिरव्या चमकेचं भांडण

बाई आणि सर नवरा-बायको. प्रयोगशाळाही एकच, आणि उभा जन्म दोघं भांडले तेही एकाच गोष्टीवरून. घरादारावरून नाही हो, पेशीतल्या एका प्रथिनावरून!

एका पेशीच्या दोन व्हायच्या असल्या की गुणसूत्रांच्या जोड्या मधोमध रांगेत येतात. तोवर त्यांच्या गाठी सुटू द्यायच्या नाहीत, हे त्या प्रथिनाचं काम. रांग लागली की पेशी प्रथिन मोडून टाकते, गाठी सुटतात, निम्मी गुणसूत्रं इकडे, निम्मी तिकडे. कॅन्सरच्या पेशीत मात्र एखादं गुणसूत्र मागे अडकतं, फाटतं, आणि पेशींच्या पुढच्या पिढ्यांचा सगळा वारसा बिघडत जातो. बाई म्हणायच्या, प्रथिन वेळेआधी मोडतं म्हणून. सर म्हणायचे, छे, पुरतं मोडतच नाही, थोडं उरतं.

"अहो, काहीतरीच काय! उरलं असतं तर मला दिसलं नसतं?"

"माझं म्हणणं तुला कधी दिसलंय?"

ठमी तेव्हा त्यांची विद्यार्थिनी. दोघांचा अबोला झाला की निरोप्याचं काम तिच्याकडे. "ठमे, सरांना सांग, डबा खाऊन घ्या म्हणावं." सर शेजारच्याच स्टुलावर! हसून हसून तिचं पोट दुखायचं. काय दिवस होते ते! आता तिचेच केस पिकले, प्रयोगशाळा तीच चालवते. सर जाऊन बरीच वर्षं झाली, बाईंची नजर गेली. तरी सकाळी कुलूप काढताना तिला वाटतं, आत दोघं तावातावाने भांडत असतील. आत कोणी नसतं, आणि तिला भरून येतं.

जुन्या सूक्ष्मदर्शकाला जे दिसत नव्हतं ते टिपणारा कॅमेरा आला, तेव्हा तिने आधी बाईंना बोलावलं. बाई काठी टेकत आल्या आणि न चाचपडता आपल्या जागी बसल्या.

"ठमे, मरायच्या आधी एवढं कळू दे. मीच बरोबर होते ना?"

कॅन्सरच्या पेशींतल्या त्या प्रथिनाला हिरवी चमक जोडली होती. प्रथिन मोडलं की चमक विझणार. पडद्यावर गुणसूत्रं रांगेत आली. चमक त्यानंतरच उतरू लागली, आधी नाही. पण पुरती विझेचना. बाकीची गुणसूत्रं दोन टोकांना गेली, एक जोडी मात्र मधेच अडकून ताणली गेली. ठमीने दुसरी पेशी बघितली, तिसरी बघितली. तेच.

बाईंना दिसत नव्हतं. नुसतं "हो" म्हटलं असतं तर म्हातारी समाधानाने घरी गेली असती. पण सरांची बाजू घ्यायला आता तिच्याशिवाय होतं कोण?

"बाई, थोडं उरतं."

बाई खुदकन हसल्या. "बघ! गेले तरी शेवटचा शब्द ह्यांचाच!" हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. ठमीने त्यांचा हात हातात घेतला.

"एवढ्या संसारात 'तुमचं बरोबर' असं एकदाही म्हटलं नाही गं मी त्यांना," बाई म्हणाल्या. "आज म्हणायचंय, तर ऐकायला ते नाहीत."