चुन्याची रेघ

बैल उन्हात काढायचा नाही, हे यशराजनं फोनवरच सांगितलं होतं. उन्हात खिलाराचा रंग नासतो म्हणे. मी ते खरं मानलं, ही माझी पहिली चूक.

यशराज फलटणकडचा ऊसवाला, लष्करातून सुटून आलेला. त्याचा बाजी नावाचा वळू कृषी प्रदर्शनाला जायचा होता. अर्जासोबत चारी बाजूंचे फोटो लागतात. आधीचे फोटो परत आले होते, कारण एकात बैल दुधासारखा आणि दुसऱ्यात राखेसारखा. हे दोन वेगळे बैल तर नाहीत ना, असं समितीनं विचारलं होतं. तेव्हा त्याला म्हसवडची मी आठवले. मी सोनिया, कोंडीबा मेंढपाळाची मुलगी, फोटो काढते. फ्लॅश मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. कुणी हाताला धरून शिकवलं नाही.

भर दुपारी गोठ्यात शिरले तर आत अंधार. पत्रा खाली आलेला, भिंती धुरानं काळ्या, उजेड फक्त दारातून. बाजीचा श्वास आधी ऐकू आला, शिंगं नंतर दिसली. त्याचे दोन कासरे दोन बाजूंच्या लाकडी खुंट्यांना बांधलेले. जमीन नुकतीच धुतल्यामुळे ओली.

फ्लॅश धरायला माणूस हवा म्हणून मी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, सोबत आणलं होतं. त्यांनी तो आपल्या काठीच्या शेंड्याला बांधला. यशराज त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. तरी म्हणाला, "कोंडीबा, तू पलीकडं गव्हाणीपाशी उभा ऱ्हा. तुमा लोकान्ला जनावराचं कसलं भ्या?"

आबा हसले. मला हसू आलं नाही. पण मी गप्प बसले, ते मोजायचं तर ती दुसरी चूक.

तिसरी म्हणजे मी फ्लॅश ऑटोवर ठेवला. ऑटोवर तो आधी बारीक चमक मारून अंदाज घेतो, मग खरा पेटतो. पांढरं अंग चौकटीत भरलं की उजेड कमी टाकायचा, फोटो काळवंडायचा. काळी भिंत जास्त आली की बैल पांढराफटक. वर त्या दुहेरी चमकेनं बाजी दर वेळी दचकायचा, कासरा ताणायचा, आणि आबांच्या समोरच्या बाजूचा खुंटा करकरायचा. तो आवाज मी ऐकला होता. डोकं आकड्यांत होतं म्हणून सोडून दिला.

मग सगळं हातानं लावलं. फ्लॅशचा जोर एकच, कॅमेऱ्याचे आकडे ठरलेले. आता फोटो बदलणार तो एकाच गोष्टीनं, उजेड आणि बैल यांच्यातल्या अंतरानं. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट पडतो. आबांनी लोकरीच्या दोरीनं पाच हात मोजून गाठ मारली. यशराजची आई बनुबाई दाराशी उभी होती, तिनं मूठभर चुना दिला. मेंढरांचा वाडा आखताना ओढतात तशी रेघ आबांनी जमिनीवर ओढली. ही रेघ सोडायची नाही, एवढंच मी त्यांना सांगितलं.

पहिले चार फोटो एकाच रंगाचे आले. मला वाटलं, जमलं. पाचवा थोडा उजळ. सहावा आणखी उजळ. सातव्यात वशिंडावरचे केस दिसेनात, नुसता पांढरा डाग.

"आबा, पुढं सरकू नका."

"रेघंवरच हाय की मी."

मी वाकून बघितलं. त्यांच्या पायताणांची टोकं चुन्यावर होती. बोटभरसुद्धा पुढे नाही.

आबा हलले नव्हते, म्हणजे बैल हलला होता. तो करकरणारा खुंटा निम्मा वर येऊन कलला होता. बाजी ओढत नव्हता, फुंकारत नव्हता. प्रत्येक चमकेसरशी एक पाऊल आबांकडे टाकत होता आणि पुन्हा गप्प उभा राहत होता. आबांना ते कळत नव्हतं. दर चमकेनंतर त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची.

मी खुंट्याचं हळूच सांगितलं. यशराजला नवल वाटलं नाही. तो बाहेर सरकला आणि त्यानं अर्ध्या दाराला बाहेरून अडसर घातला. आम्ही आत होतो.

बाहेरून बनुबाईचा आवाज आला. "अर्जुनाच्या येळंला बी खुटाच निघाला हुता. सांगितलं न्हाईस व्हय रं ह्यान्ला?"

अर्जुना त्यांचा गडी. ट्रॅक्टरवरून पडला, असं आम्ही ऐकलं होतं. सहा महिने अंथरुणात आहे. बैल बाहेर का काढायचा नव्हता, ते आता कळलं.

बाजीनं मान खाली घातली. आबांच्या मागं गव्हाण, जायला जागा नाही. मी ओरडले तर तो उसळणार. न ओरडले तरी उसळणार.

आबांनी काठीचा शेंडा सावकाश त्याच्या तोंडासमोर आणला. "पोरी, डोळ्यात मार त्येच्या. हाय न्हाई त्येवढा."

मी कॅमेऱ्यावरूनच फ्लॅशचा जोर आठव्या हिश्शावरून पुरता केला. त्यानं बैल आणखीच पिसाळला तर माझ्याच बोटानं आबा गेले, एवढंच डोक्यात होतं.

दाबलं.

गोठा पांढरा झाला. बाजीनं मान भिंतीकडे झटकली, शिंग घासलं. आबांनी काठी टाकली आणि बैलाच्या मागून वाकून माझ्याकडे आले. दार ढकललं तर उघडंच. अडसर बनुबाईनं काढला होता. मागं काठी मोडल्याचा आवाज आला.

संध्याकाळी यशराजचा फोन. माणसाचं काही विचारलं नाही. म्हणाला, कॉम्प्युटरवर सगळे फोटो एकसारखे करून दे, लय बारीक काम हाय.

"मला करता येतं," मी म्हणाले. "करणार न्हाई."

आठही फोटो होते तसे, होते त्याच क्रमानं, समितीला पाठवले. शेवटचा कोरा पांढरा, तोही. खाली लिहिलं, माणूस रेघेवर उभा होता, बैल सुटत आला होता, आणि मालकानं दार बाहेरून लावलं. खाली माझं नाव घातलं.

यशराजला आमचं घर माहीत आहे. तेव्हापासून दारात गाडी थांबली की मी आधी आबांचे पाय कुठे आहेत ते बघते.