पोळ्यात उभी केली अँबेसिडर

एस.टी.त हाडं झिजवली मी. आर्वी, आष्टी, तळेगाव, वर्धा, रस्त्यातला खड्डा न् खड्डा मले मालूम होता. माह्या चाकाखाली कोनाची कोंबडी मेली नाई. मी रिटायर झालो तवा गावातल्या बाया म्हनत, रूपराव गाडीवर असला का बिनधास्त झोप लागते. बस्स, तेवढीच कमाई. वावर नाई, बैल नाई, ड्रायव्हर म्हणून नाव होतं. अन् ते नाव वासुदेवनं मातीत घातलं.

वासुदेव म्हणजे आमच्याच गावचा पोट्टा, आता वासुदेवराव झाला. वर्ध्यात स्टेशनकडच्या रोडवर त्याचं जुन्या गाड्यांचं दुकान. मले टॅक्सी काढायची होती. गावात मोटार नाई, रात्री-अपरात्री कोनाले दवाखान्यात न्यायचं, लग्नाची नवरी आणायची, म्हणलं आपणच करू. लोकं म्हणले दुसरीकडे पाहा. मी म्हणलं, काऊन? गावचा माणूस सोडून परक्याच्या दारात कायले जाऊ? तिथंच फसलो.

अँबेसिडर होती, हिरवी. पाडव्याचा मुहूर्त काढला. बायको मनकर्णानं नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बोनेटवर कुंकवाचा सातिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. वासुदेवनं पेढे देल्ले. "भाऊ, घरची गाडी हाय, डोळे मिटून न्या," म्हणे. मी वर्ध्याच्या सपाट रोडवर एक चक्कर मारली, ब्रेक दाबून पाह्यला, लागला. इंजिनाचा आवाज ऐकला, खणखणीत. खाली झोपून पाहायचं त् अंगावर पांढरं धोतर, कपाळाले गुलाल. मुहूर्ताच्या गाडीखाली कोन घुसते? सारं आयुष्य रोज सकाळी गाडीखाली वाकून पाह्यलं, अन् ज्या दिवशी स्वतःची घेतली त्या दिवशी पेढा खाऊन निंगालो.

वैशाखात लग्नाचं वऱ्हाड घेऊन येत होतो. गाडी भरलेली, मागं बाया दाटीवाटीनं बसलेल्या. गावाअलीकडच्या उतारावर ब्रेक दाबला, पायाले काई लागलंच नाई. हँडब्रेक पह्यलेपासूनच नावाले होता. गिअर पाडला, समोरून कापसाच्या गाठीचा ट्रक येऊन राह्यलता, मी गाडी बाजूच्या बाभळीत घातली. जीव वाचले सगळ्याइचे. पण शेजारच्या अनुसयाबाईचा हात मोडला, अन् नवरीच्या मावशीच्या कपाळाले टाके पडले.

मंग घुसलो मी गाडीखाली. मागच्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी कोनीतरी हातोड्यानं ठोकून चपटी केलती. मागून तेल गळत असंन, त्याच्यावर इलाज काय, त् नळीच बंद. चार चाकांची गाडी दोन चाकांच्या ब्रेकवर इकली होती त्यानं मले. एकटा माणूस सपाटीवर चालवते त् कळत नाई. भरल्या गाडीनं उतरा, पुढचे दोन ब्रेक तापून हारतात, मंग कळते.

मी वर्ध्याले गेलो. पह्यल्या खेपेस चहा पाजला. "पाह्यतो ना भाऊ, मिस्त्री सुट्टीवर हाय, पुढच्या हप्त्यात येजो." पुढच्या हप्त्यात गेलो त् मालक नागपूरले गेलता. मंग म्हणे गाडी घेऊन या. बाभळीत चेंदलेली गाडी, ट्रॅक्टरले बांधून ओढत नेली वर्ध्यापर्यंत. मिस्त्रीनं वाकूनसुद्धा पाह्यलं नाई. मी वासुदेवचा हात धरून त्याले खाली वाकवलं, नळी दाखवली. तो उठला, हात झटकले, अन् दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "भाऊ, ही नळी तुम्हीच ठोकली असंन. वय झालं, डोळ्याले दिसत नाई, पाय बराबर पडत नाई. नाचता येईना, अंगण वाकडं."

मी त्याच्या मुस्काटात देणार होतो. दोन माणसाइनं धरलं मले. चोराच्या उलट्या बोंबा म्हनतात त्या ह्या.

अन् ते वाक्य त्यानं तिथंच ठेवलं नाई. बाजाराले गेलेल्या प्रत्येक माणसाले सांगतलं. आठ दिवसांत गावभर झालं का रूपरावची नजर गेली, रूपराव पिऊन चालवत होता, म्हणून बाया मरता मरता वाचल्या. मी एस.टी.च्या फाट्यावर उभा राह्यलो त् लोकं दुसरीकडे पाहत. अनुसयाबाई गळ्यात हात बांधून माह्या दारावरून जाय अन् तोंड फिरवून घे. मनकर्णाच्या मांडीला मांडी लावून बसणारी बाई. मले जेवण गोड लागत नोतं. मनकर्णा म्हणे, जाऊ द्या, देव पाहून घेईन. म्हणलं, देवाले लय कामं हायेत, हे मी पाह्यतो.

गाडी मी दुरुस्त केली. चेपलेला पत्रा ठोकला, दिवा बसवला, समोरचा ब्रेक ठीक केला, तेल भरलं. बराबर तशीच केली जशी वासुदेवच्या दुकानातून निंगाली होती. अन् मागची चपटी नळी तशीच ठेवली. हातच लावला नाई तिले. मनकर्णा इचारे, हे काय करून राह्यले तुम्ही? पोळ्याची वाट पाहून राह्यलतो.

आमच्या गावच्या पोळ्यात मानाची जोडी वासुदेवच्या घरची. तोरण तिच्याच शिंगानं तुटते. वर्ध्यात कितीही मोठा शेठ असला तरी त्या दिवशी तो पांढरं धोतर नेसून, बैलाचा दोर धरून सगळ्याइच्या समोर उभा राह्यते. अन् दुसरी गोष्ट, तोरण तुटलं का जोड्या घरोघरी फिरतात. दारात आलेल्या जोडीचे पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणाची पोळी चारायची, अन् दोर धरणाऱ्याले बोजारा द्यायचा, म्हणजे खुशीनं काईतरी हातावर ठेवायचं. पोळ्याच्या दिवशी दारात आलेली जोडी कोनी हाकलत नाई. वैऱ्याची असली तरी नाई.

सकाळी मी अँबेसिडर धुतली. बोनेटवर झूल टाकली, दिव्याइले हिंगूळ लावला, समोर बेगडीचं बाशिंग बांधलं, घुंगराची माळ घातली. लोकं म्हणले, रूपरावचं डोकं फिरलं. इंजिनाच्या आवाजानं बैलं बुजतीन म्हणून ढकलतच न्यायची होती; चार पोट्टे ढकलायले भेटले, त्याइले तमाशा पाह्यजे होता. आणून उभी केली तोरणाखाली, बैलाच्या रांगेत, शेवटून.

"हे काय व्हय?" पाटील म्हणले.

"माही जोडी. बैल नाई मायाजवळ. मी हिच्यावरच पोट भरणार होतो."

पाटील हसले, म्हणले राहू दे. मंग झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या. पोळ्यातल्या झडतीत कोनाचीही टर उडवावी, ज्याची उडवली त्यानं हसावं, हा रिवाज. माही पाळी आली. मी घसा साफ केला अन् वासुदेवकडे पाहून म्हणलो,

"डबऱ्यावर डबरा, डबऱ्यात पाणी,
वर्ध्याहून आणली मोटारराणी.
राणीले पुसलं, थांबशीन का बाई?
राणी म्हणे, मालकानं शिकवलंच नाई."

हर हर महादेव झालं, लोकं पोट धरून हसले. वासुदेवही हसला, शहाणा माणूस. वरून म्हणतो, "भाऊ, राणी चांगली हाय, राजाले दिसत नाई." त्याच्यावर जास्त हसले. हसू दे, म्हणलं. तोरण तुटलं, बैलं उधळत निंगाले, अन् मी पोट्ट्याइले सांगतलं, ढकला वासुदेवच्या घराकडे.

त्याचं घर टेकाडावर. तिथून खाली मारुतीच्या देवळापर्यंत सरळ उतार, अन् देवळाच्या पारावर त्या दिवशी सारं गाव. गाडी वर चढवताना पोट्ट्याइचा दम निंगाला. दारात त्याची माय, रुख्माबाई, ताट घेऊन उभी होती. बुढी सत्तरीची, पण कणखर. तिनं आपल्या बैलाचे पाय धुतले, मंग गाडीकडे पाह्यलं.

"हे आपल्या दुकानची हाय ना वासुदेव?"

"आई, सोंग हाय ते. भाऊ, नेजो ना बावा इथून."

"दारात आलेलं हाकलत नाई," बुढी म्हणली. तिनं चारही चाकांवर पाणी घातलं, बोनेटले कुंकू लावलं, ओवाळलं. मागं अर्धं गाव जमा झालं होतं, अनुसयाबाईही होती. बुढीनं इचारलं, "रूपराव, बोजारा काय देऊ?"

"काकू, पैसा नको. गाडी चांगली हाय अन् ड्रायव्हर खराब हाय, असं वासुदेव म्हणते. त् वासुदेवनं चालवावी. इथून मारुतीपर्यंत. बस्स."

"एवढंच ना?" बुढी म्हणली अन् दार उघडून मागच्या सीटवर जाऊन बसली. "चाल वासुदेव. लेकाच्या दुकानच्या गाडीत मी कधी बसलीच नाई. शोभा, ये तूही." त्याची बायको शोभाबाई बसली, तिच्या दोघी जावा बसल्या. गाडी भरली.

बुढी बसंन, हे माह्या मनात नोतं. पण मी वासुदेवचं तोंड पाह्यलं अन् एक शब्द बोललो नाई. मले दया आली नाई. त्याच सीटवर अनुसयाबाई बसली होती.

"आई, आज बैलाचा दिवस, गाडी नाई चालवत," तो म्हणला. लोकं हसले. मंग बसला बिचारा. किल्ली फिरवली, इंजिन लागलं. त्याचा पाय ब्रेकवर होता, तो पाहत होता खाली, देवळापुढच्या गर्दीकडे, लेकरं खेळत होते तिथं. किल्ली बंद केली.

"आई, उतर."

"काऊन?"

"उतर ना म्हणलं."

"काऊन पण? गाडी चांगली हाय म्हणते ना तू?"

"मिस्त्री म्हणलाता, सपाटीवर चालते, भरल्या गाडीनं उतारावर नाई," तो बोलून गेला. बोलल्यावर त्याले कळलं का आपण काय बोललो.

कोनी हसलं नाई. अनुसयाबाई गाडीजवळ आली, वाकडा जुळलेला हात खिडकीवर ठेवला. "म्हंजे तुले मालूम होतं," म्हणली. "अन् मी रूपरावभाऊच्या दारावरून तोंड फिरवून जाऊन राह्यली."

शोभाबाई अन् जावा उतरल्या. बुढी उतरली नाई. तिनं वासुदेवकडे पाह्यलंसुद्धा नाई.

"तू उतर तिथून," ती म्हणली. "रूपराव, तू बस."

"काकू, उतार हाय. मागचा ब्रेक नाई हिले."

"मालूम हाय आता. माह्या घरातून तुले बट्टा लागला, तो सगळ्या गावासमोर धुतला पाह्यजे. तू चालव, मी बसून राहीन. अन् वासुदेव, तो चुलीमागचा दगड उचल. चाकाबरोबर चाल. रूपराव म्हणंन तवा चाकाखाली लाव."

"आई, बैलाचा दोर..."

"दोर गडी धरंन. तू दगड धर."

मी बसलो. पह्यल्या गिअरमध्ये टाकली, इंजिनानंच धरली. गाडी मुंगीवानी उतरू लागली. मागं बुढी ताठ बसलेली, पदर डोक्यावर. दोन्ही बाजूनं गाव चालून राह्यलं होतं, अन् अनुसयाबाई खिडकीले हात लावून. वासुदेवराव शेठ पांढऱ्या धोतरात, काजळीचा दगड छातीशी धरून, माह्या मागच्या चाकाजवळ वाकून चालत होता. मी म्हणलं, "लाव," का लावे. मी म्हणलं, "काढ," का काढे. धोतर काळं झालं, हात सोलले.

देवळाजवळ जमीन सपाट झाली. तिथं दगडाची काई गरज नोती, गाडी आपोआप थांबत होती. सारं गाव पाहून राह्यलं होतं. मी आरशात त्याच्याकडे पाह्यलं अन् म्हणलं, "लाव."