मेव्हण्यानं तपासलेली चिप

लालासाहेबांच्या अंगणात ट्रॅक्टरवर रेडिओ वाजत होता, आणि नियाजचा घास हातातच राहिला होता. उंब्रजच्या जत्रेचं जेवण, आग्रह करणारे लालासाहेब स्वतः. पण नियाजचे कान ट्रॅक्टरकडे होते. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची, रेडिओ सहाचा. मध्ये काय बसवलंय?

नियाज माधवनगरच्या मिलमध्ये वायरमन. दिवसभर मिलचे दिवे लावायचे आणि कुपवाडला घरी येऊन कंदील पेटवायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बायकोचा, सलिमाचा माहेरचा रेडिओ होता, पण सेल सारखे संपायचे. तो बारा व्होल्टच्या जुन्या बॅटरीवर चालवायचं नियाजनं मनावर घेतलं. सांगलीत बाराचे सहा व्होल्ट करणारा साधा रेग्युलेटर मिळायचा, पण तो निम्मी वीज नुसती तापून घालवी. वीज भराभर चालू-बंद करून बॅटरी वाचवणाऱ्या सर्किटची चिप पुण्यालाच मिळे.

"हीच चिप घ्या दाजी. मी पुण्यास्नं आनतो," लालासाहेब तेव्हा म्हणाले होते, आणि नियाजनं कागदावर काढलेलं सर्किट खिशात घालून गेले होते. फौजेत सिग्नलला, बिनतारी यंत्रांवर नोकरी झालेला माणूस. शिवाय सख्खा भाऊ नसलेली सलिमा त्यांनाच राखी बांधायची, म्हणजे नियाजचे मेव्हणेच.

त्यांनी आणलेल्या चिपवरचा नंबर पुसट होता. "तपासून आनलीया. जोडा बिनघोर."

कुठलीही नवी जोडणी नियाज आधी बल्ब लावून बघायचा. त्या दिवशी नाही बघितली. मेव्हणा समोर चहा पीत बसलेला. बल्ब लावायचा म्हणजे त्याच्या शब्दावर संशय घ्यायचा. त्यानं सरळ रेडिओच जोडला. बारा व्होल्ट थेट आत गेले, करपल्याचा वास आला आणि सलिमाचा रेडिओ कायमचा गप्प झाला.

"उलटी जोडलीसा दाजी," लालासाहेब म्हणाले होते.

नियाजला ते खरंच वाटलं. तेव्हापासून मिलमध्येसुद्धा साधा होल्डर बसवताना त्याचा हात अडखळायचा.

आज जत्रेचं जेवण तसंच टाकून तो उठला. ट्रॅक्टरच्या सीटखालचा डबा उघडला. आत त्याचंच सर्किट, जसंच्या तसं. चिप कोरी, नंबर लख्ख.

"नवी एकच मिळाली तवा," मागून लालासाहेब हळूच म्हणाले. "तुमाला जुनी दिली. म्हटलं, चालंल."

"आनि उलटी जोडली म्हनालासा, त्ये?"

लालासाहेब सीटवरची धूळ झटकू लागले.

"चिप ठेवून घ्यायची हुती तर सांगायचं की, पाव्हणं! हसत दिली असती. माझा हात कशाला खोटा पाडला?" नियाजचा आवाज चिरकला. त्याला रडू येत होतं आणि त्याचाच त्याला राग येत होता.

तेवढ्यात सलिमा नवी साडी दाखवत आली. "दादानं दिली बगा!"

नियाजनं डबा बंद केला.

परतीच्या एस्टीत साडी तिच्या मांडीवर होती. ती पुन्हा पुन्हा काठ चाचपत होती.

"दादाचा रेडिओ लय झ्याक लागतोय, न्हाई?"

"व्हय."

"एकदा चुकलं म्हनून काय झालं तुमचं? दादाला इचारा की. त्यो शिकवंल तुमाला."

नियाजनं तिच्या मांडीवरून घसरणारी साडी सावरली.

"इचारतो," तो म्हणाला.