घाटंजी स्टँडचे सहा भागधारक

“तुह्या बाबाले त्या शेअरबिअरमंदी बसवू नको वं साधना. ते एकदा बसले का उतरत नाहीत,” असं आई मला गेल्या वर्षी म्हणाली होती. मी हसले. आईचं शिक्षण सातवी, माझं बी.कॉम., तेही यवतमाळच्या कॉलेजातून, फर्स्ट क्लास. सातवी पास बाईचं ऐकायला मी काय वेडी आहे?

माझे बाबा देवराव. एसटीत चौतीस वर्षं कंडक्टर. रिटायर झाले तेव्हा सगळे पैसे एकदम हातात आले आणि पेन्शन अशी बसली की महिन्याचं गॅस सिलिंडर आणि दोघांच्या बीपीच्या गोळ्या. त्यावर चहा प्यायचा तर तो स्वतःच्या हिमतीवर. म्हणजे आईबाबांचं उरलेलं सगळं आयुष्य त्या एका रकमेवर. ती बँकेत एफडीत निवांत झोपलेली पाहून माझ्या बी.कॉम.ला काही चैन पडेना. मी बाबांच्या मोबाइलमध्ये अॅप टाकलं, खातं उघडून दिलं आणि महागाई पैशाला कशी खाते यावर अर्धा तास लेक्चर दिलं. “थोडे टाका,” असंही म्हटलं. थोडे म्हणजे किती, तेवढं सांगायचं राहून गेलं.

बाबांनी अभ्यासही केला, उगाच खोटं कशाला बोलू. लोक टीव्हीवरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेतात, बाबांनी घाटंजीच्या बसस्टँडवर बसून घेतला. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्या दारातून सांडतायत, एकेका सीटवर तीन-तीन जणी, तेव्हा सरकारला आज ना उद्या गाड्या वाढवाव्याच लागणार. म्हणून त्यांनी बसच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कंपनीचे शेअर घेतले. एकाच कंपनीचे. जवळजवळ सगळ्या पैशांचे. मला हे कळलं तोवर भाव दीडपट झाला होता, त्यामुळे रागावायचं सोडून मी मैत्रिणींना सांगत सुटले की आमच्या बाबांची नजरच वेगळी.

मग दिवाळी झाली आणि बाजार उतरायला लागला.

बाजार उतरला की ज्ञान किती स्वस्त होतं म्हणता! कोट घातलेला एक माणूस तीन पडद्यांसमोर उभा राहून सांगायचा, घाबरू नका, ही संधी आहे. त्याच वाहिनीवर दुपारी दुसरा कोट सांगायचा, सावध राहा, हा सापळा आहे. संध्याकाळी दोघं एकत्र बसून हसायचे. आमच्या बी.कॉम.च्या ग्रुपवर रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर ‘संयम हीच संपत्ती’ यायचं. पाठवणारीने स्वतःचे सगळे शेअर दसऱ्यालाच विकले होते. आणि माझा नवरा रोशन, जो पॅथॉलॉजीत दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासतो, त्याच्याकडे प्रत्येक रोगावर एकच गोळी होती, लाँग टर्म. बाबांचे पैसे निम्मे होऊन राह्यले म्हटलं तरी लाँग टर्म, आणि चौदा महिन्यांच्या अन्वीला ताप आला तरी काळजी करू नको, लाँग टर्ममध्ये पोरं ठणठणीत होतात.

मी मात्र काळजीत फर्स्ट क्लास. एका हाताने लेकीच्या काखेत थर्मामीटर, दुसऱ्या हातात भाव. एक उतरावा म्हणून नवस, दुसरा चढावा म्हणून. देवालाही गोंधळल्यासारखं झालं असेल, त्यातून आम्ही देव मानत नाही, म्हणजे अर्ज नेमका कोणाकडे जात होता कोण जाणे. लेकीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. भावही उतरला.

दिवसाआड मी बाबांना फोन करायचे. बाबा जय भीम म्हणायचे, अन्वीने काय खाल्लं ते विचारायचे आणि ‘बाकी मस्त’ म्हणून ठेवायचे. आईकडून कळलं की मस्त म्हणजे त्यांनी रात्रीची पोळी एकावर आणली आहे आणि बीपीची गोळी एक दिवसाआड घेऊन राह्यले आहेत. म्हणजे कंपनीचा तोटा बाबा आपल्या जेवणातून भरून काढत होते. असा भागधारक मिळायला कंपनीचंही नशीब लागतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी अन्वीला घेऊन घाटंजीला गेले. संध्याकाळी बाबांसमोर बसले आणि सांगितलं, विका. खरेदीच्या भावापेक्षा खाली गेलंय, पण अजून जगण्यापुरतं उरलंय. ते अन्वीला मांडीवर घेऊन घोडा घोडा खेळवत राहिले.

“गाडी बंद पडली म्हणून काय झालं,” ते म्हणाले, “दुसरी येतेच.”

“बाबा, पॅसेंजर उतरून ऑटोनं घरी जाते.”

“पॅसेंजर जाते. मी कसा उतरू?”

मला वाटलं, झाला सुरू म्हातारपणचा हेका. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं न समजलेलं वाक्य हेका वाटतं, हे एक बरं असतं, विचार करावा लागत नाही.

सोमवारी सकाळी बाजार सव्वानऊला उघडतो आणि बाबा साडेनऊला आंघोळीला जातात. चौतीस वर्षं टाइमटेबलावर काढलेला माणूस, त्यात मिनिटाचा फरक नाही. मोबाइल चार्जिंगला होता. पिन मीच टाकून दिला होता, अन्वीची जन्मतारीख. विकायचं बटण दाबलं, तर त्याच मोबाइलवर ओटीपी आला, तो त्याच मोबाइलमध्ये टाकला. इतकी कडक सुरक्षा. आतून तांब्याचा आवाज येत होता. बाबा अजून डोक्यावरून पाणी घेत होते आणि बाहेर त्यांचे शेअर गेलेही होते. मी सगळे मेसेज पुसले आणि अन्वीला दूधभात भरवायला बसले. म्हटलं, ही जबाबदारी आहे. चोरीला शिकलेली माणसं जबाबदारी म्हणतात.

दुपारच्या गाडीने मी यवतमाळला परतले. दोन-तीन दिवसांनी फोनवर सगळं शांतपणे सांगणार होते.

आता जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते. बाबांच्या अभ्यासाला स्टँडवर विद्यार्थी मिळाले होते. पाच. पुंडलिकराव शिंपी, पानठेलेवाले, एक रिटायर ड्रायव्हर आणि आणखी दोघं. बाबांचा भाव चढताना पाहून त्यांनीही आपापल्या ऐपतीने तेच शेअर घेतले. उतरायला लागला तसे ते घाबरले आणि रोज बाबांना विचारायला लागले. बाबा रोज आपला मोबाइल उघडून दाखवायचे, हे पाहा, मी बसून आहो, तुम्हीही बसा. रस्त्यात गाडी बंद पडली की कंडक्टर सगळ्यांना मागून आलेल्या गाडीत चढवून देतो, मगच स्वतः जागचा हलतो. बाबांना दुसरी कुठली पद्धत माहीतच नव्हती. पाच जण अजून आत बसलेले, मग ते कसे उतरणार?

त्या सोमवारीही दुपारी त्यांनी स्टँडवर मोबाइल उघडला. पाच जणांसमोर. तिथे काहीच नव्हतं.

आई सांगत होती की पुंडलिकराव फार मोठ्याने बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, “देवरावजी, आमाले बसवून तुमी कधी उतरले?” बाबांना कळायला वेळ लागला नसेल, पिन त्यांना आणि मला, दोघांनाच माहीत. पण माझं नाव घेतलं नाही. म्हणाले, “भाव पाहून भेव वाटलं. म्या इकले. तुमीही पाहून घ्या.”

संध्याकाळी मला फोन आला. त्यात राग नव्हता, तो असता तर मला भांडता आलं असतं.

“बाई, तू मले पॅसेंजरच्या आधी उतरवलं,” ते म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

त्यानंतर भाव आणखी खाली गेला. खूप खाली. रोशन म्हणाला, पाहिलंस, तू बरोबर होतीस, आणि माझ्यासाठी जिलेबी घेऊन आला. ग्रुपवर मैत्रिणींनी टाळ्यांचे हात पाठवले. आईबाबांचं म्हातारपण बँकेत सुरक्षित आहे. मी बरोबर होते, याबद्दल सगळ्या जिल्ह्यात कोणालाच शंका नाही.

मी पुंडलिकरावांना फोन करून खरं काय ते सांगितलं. विकले ते मी, बाबांना पत्ताही नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “लेक बापाचं झाकतेच बाई. आमची असती तर तिनंही झाकलं असतं.” चौतीस वर्षं ज्याने एका रुपयाचीही चिल्लर दाबली नाही, तो माणूस आता त्या गावात दगाबाज आहे, आणि त्याच्या लेकीचा कबुलीजबाब म्हणजे लेकीचं प्रेम.

त्यांच्यातल्या दोघांनी शेवटी विकले, तिघं अजून बसून आहेत. बाबा अजूनही रोज स्टँडवर जातात. बाजार सुटतो त्या वेळेपर्यंत थांबतात आणि घरी येतात. स्वतःचं आता काही नाही, तरी जातात. आई म्हणते, पाचही जण पानठेल्याजवळ असतात आणि हे वेगळे, यवतमाळच्या गाड्या लागतात तिकडच्या बाकावर. डबा नेतात, कधी कधी तसाच परत आणतात. माझा फोन घेत नाहीत. मी दोन रविवार गेले, तर अन्वीशी खेळले, माझ्याशी बोलले नाहीत.

तुम्ही घाटंजीवरून जाणार असाल तर पाच मिनिटं स्टँडवर उतरा. पांढरा शर्ट, खिशाला पेन, मांडीवर स्टीलचा डबा. शेअरचं काही विचारू नका, माझं नावही घेऊ नका. डबा उघडला आहे का, आणि त्यांच्या बाकावर दुसरं कोणी बसलं आहे का, तेवढं पाहा. नसेल बसलं, तर तुमची गाडी येईस्तोवर तुम्ही बसा.