जबडे मात्र फोकसमध्ये

विद्यार्थ्यांच्या त्या फिल्म महोत्सवात पहिलं बक्षीस धाकटीच्या फिल्मला मिळालं. परीक्षकांनी एकमतानं दिलं. परीक्षकांचं कशावर एकमत होण्याची ती पहिलीच खेप; एरवी चहात साखर किती, यावरही त्यांची उपसमिती बसायची. तर बक्षीस मिळालं. आता हे आपण बाजूला ठेवू आणि असं काही झालंच नाही असं धरून चालू. धाकटीही तसंच धरून चालते, आणि फिल्म तिची आहे.

धाकटीचे बाबा कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे, बाबा त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतायचे, त्यावर मेणाची हिरडी बसवायचे आणि तिच्यात एकेक दात रोवायचे. आसपासची निम्मी म्हातारी माणसं बाबांच्या दातांनी हसायची. स्वतः बाबा सहसा हसत नसत. माल विकायला असल्यावर तो घरी कोण वापरतं.

कारखाना म्हणजे घराला लागून असलेली एक खोली. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर जबडे. खिडकीशी लांब टेबल, त्यावर बर्नर, मेण कापायच्या सुऱ्या, पॉलिशची मोटार, आणि टेबलाशी दोन स्टुलं. एक बाबांचं. दुसरं दादाचं, म्हणजे धाकटीच्या थोरल्या भावाचं. दादाचा हात फार चांगला होता. बाबांची जीभ तेवढी चांगली नव्हती. एका पेशंटच्या पुढच्या दातांची छटा किती पांढरी असावी, यावरून दोघांचं वाजलं. बाबा म्हणाले, असले दात घोड्याला लाव. दादा म्हणाला, घोडा निदान आरशात बघून खूश तरी होईल. त्यावर बाबा ते वाक्य बोलले, जे सगळे बाप कधी ना कधी बोलतात: पुन्हा या दारात पाऊल ठेवायचं नाही. बाकीची मुलं हे ऐकतात आणि जेवायच्या वेळेला परत येतात. दादा लहानपणापासून सांगकाम्या. तो खरंच आला नाही.

तो फरशांच्या दुकानात लागला. फरशीलाही छटा असतात, पण ती कुणी तोंडात घालत नाही, त्यामुळे वाद कमी. पुढे त्यानं जवळच खोली घेतली. आई त्याच्याकडे जाऊन यायची आणि आल्यावर त्याच्या बातम्या कुकरला सांगायची, शेजारच्या खोलीत बाबांना ऐकू जातील एवढ्या आवाजात. "बारीक झालाय रे बाबा," ती कुकरला म्हणायची. कुकर शिट्टी द्यायचा. बाबा पॉलिशची मोटार बंद करून ऐकायचे आणि आई गप्प झाली की पुन्हा चालू करायचे.

वर्षं गेली. धाकटी फिल्मचं शिकायला लागली. शेवटच्या वर्षी सरांनी वर्गाला सांगितलं, घरातलं काहीतरी खरं शोधा. झालं, सगळ्यांनी आपापल्या आज्या शोधल्या. ज्याला आजी नव्हती त्यानं शेजाऱ्यांची मागून आणली. धाकटीनं बाबांना निवडलं. तिचा डाव सरळ होता. कॅमेऱ्यासमोर माणूस बोलतो, असं तिनं वर्गात पाहिलं होतं. बाबा बोलतील, मोठ्या पडद्यावर दादा ते ऐकेल, आणि पुढचं काम पडदा करेल.

शूटिंगला ती आणि तिचा वर्गमित्र भोंगा, एवढीच माणसं. भोंग्याकडे आवाजाचं काम. लांब दांडीला लावलेला माइक तो असा धरायचा, जणू आता भिंतीवरची पाल पाडणार आहे. दुपार होती. बाबा हिरडीत दात बसवत होते आणि धाकटीच्या प्रश्नांना "हं" अशी सविस्तर उत्तरं देत होते. तेवढ्यात एक सुळा हातातून सुटला आणि टेबलाखाली गेला. बाबा गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. शोधता शोधता दादाच्या स्टुलापाशी पोचले, स्टुलाचा पाय हातात धरला आणि तसेच थांबले.

"त्याला म्हणावं, येत जा," ते टेबलाखालून म्हणाले. "काम नको करू. नुसता येऊन बस."

मग त्यांना सुळा सापडला. ते उठले, गुडघे झटकले आणि दात हिरडीत बसवला.

भोंग्यानं माइक खाली घेतला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाजाच्या माणसानं नाक ओढायचं नसतं, म्हणून तो तसाच उभा राहिला. धाकटीनं कॅमेऱ्याच्या पडद्यात पाहिलं. बाबांची पाठ धूसर होती. हात धूसर, स्टूल धूसर. फोकस मागच्या फळीवर गेला होता आणि जबडे अगदी लख्ख दिसत होते.

इथं ती कॅमेरा बाजूला ठेवू शकली असती. बाबांना पाणी देऊ शकली असती, फोन काढून दादाला लावू शकली असती. पण सरांनी शिकवलं होतं, फोकस गेला की शॉट गेला, आणि धाकटी हुशार विद्यार्थिनी होती.

"मस्त झालं बाबा," ती म्हणाली. "एकदा परत घेऊया? फोकस जबड्यांवर गेला."

"परत म्हणजे? सांगितलं की."

"तसंच सांगायचं. फक्त वर बसून सांगा, चेहरा दिसत नव्हता."

"आणि दात?"

"दात नाही पडला तरी चालेल."

दुसऱ्या खेपेला बाबा पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे बसले आणि सगळं एका दमात म्हणून मोकळे झाले. तिसऱ्या वेळी बाहेरून भंगारवाला ओरडला. चौथ्या वेळी बाबांनी "नुसता येऊन बस"च्या आधी जरा थांबून पाहिलं. भोंगा म्हणाला, "काका, हे थांबलात ना, ते जबरी होतं." त्यामुळे पाचव्या वेळी ते जास्त थांबले, एक सुस्कारा सोडला, आणि "येत जा" म्हणताना चष्मा काढून हातात घेतला.

"कट," धाकटी म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला होता. फोकसही होता.

"बरं होतं का?" बाबांनी विचारलं. कवळी देताना ते पेशंटला नेमकं असंच विचारायचे.

मग खोलीच्या शांततेचं रेकॉर्डिंग झालं.

"आता मी काय करायचं?" बाबा म्हणाले.

"काही नाही काका, गप्प बसायचं. खोलीचा आवाज घेतोय."

"गप्प बसायचं तर मला आधी सांगायचं होतं. त्यात माझा हात बसलेला आहे."

कॅमेऱ्यातलं कार्ड भरलं होतं आणि धाकटीला कवळीला पॉलिश होतानाचा शॉट हवा होता. तिनं पहिला टेक पुसला. तो धूसर होता.

महोत्सवाचं सभागृह मोठं होतं. दारात कार्यकर्ते गळ्यात ओळखपत्रं घालून एकमेकांना ओळखत होते. धाकटीच्या आधी जी फिल्म दाखवली, तिच्यात एक तरुण शेवटपर्यंत पळत होता. कशापासून, हे दिग्दर्शकानं प्रेक्षकांवर सोडलं होतं. प्रेक्षकांनी ते एकमेकांवर सोडलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले होते. आईनं गुडघ्याचं कारण सांगून येणं टाळलं होतं. दोघांना एका छताखाली बघायचं म्हणून गुडघा दुखत होता. दादा आला होता. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत, दुकानातून तसाच, चपलांवर फरशीची पांढरी धूळ घेऊन. धाकटी त्याच्या शेजारी जाऊन बसली.

फिल्म सुरू झाली. बाबा पडद्यावर एवढे मोठे झाले की त्यांच्या कपाळावरची आठी रस्त्याएवढी दिसायला लागली. ते थांबले. सुस्कारा सोडला. चष्मा काढला. "येत जा," ते म्हणाले, आणि सभागृहात रुमाल निघाले. धाकटीनं दादाकडे पाहिलं. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, उठून पुढच्या रांगेत जाईल असा. मग हळूहळू मागे रेलला.

दिवे लागल्यावर दोघं बाहेर कॉरिडॉरमध्ये आले.

"बाबा बोलताना चष्मा कधीपासून काढायला लागले?" दादानं विचारलं.

"का?"

"चष्मा काढला की त्यांना समोर भिंत आहे की माणूस, ते कळत नाही. झोपतातसुद्धा चष्मा घालून. मला बोलवायचं असतं तर आधी चष्मा चढवला असता."

"अरे, तो पाचवा टेक होता. पहिला खरा होता. टेबलाखाली बोलले ते. तुझ्या स्टुलाला धरून."

दादानं हात पुढे केला. "दाखव," तो म्हणाला.

"पुसला."

"का?"

"कार्डात जागा नव्हती. पॉलिशचा शॉट घ्यायचा होता."

"तो कुठं दिसला नाही."

"एडिटिंगमध्ये काढला. लांबी वाढत होती."

दादानं मान हलवली. फरशी पाहून न घेता जाणाऱ्या गिऱ्हाइकाला तो अशीच मान हलवत असणार. "तुझी फिल्म चांगली आहे," तो म्हणाला. "खरंच चांगली आहे." धाकटीला वाटलं, त्याऐवजी त्यानं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बाबा माणसांच्या घोळक्यातून बाहेर आले. लोक त्यांचा हात हातात घेत होते. एका बाईंनी तर, तुम्ही आधी नाटकात होता का, असं विचारलं. बाबा दादासमोर येऊन उभे राहिले.

"सांगा ना बाबा," धाकटी हळूच म्हणाली. "तेच सांगा. तो इथंच आहे."

बाबांनी तोंड उघडलं. "त्याला म्हणावं," ते म्हणाले आणि थांबले. ते थांबणं पाचव्या टेकमधलं होतं, हे तिघांनाही कळलं. बाबांचा हात चष्म्याकडे निघाला होता. त्यांनी तो मध्येच अडवून खिशात घातला आणि खिशाला वरून दाबून धरला.

"ते वाक्य नीट बसत नाही आता तोंडात," ते धाकटीला म्हणाले. मग दादाकडे वळले. "फरशा काय म्हणतात?"

"चाललंय."

"पांढऱ्या जातात का?"

"जातात. जास्त त्याच जातात."

"हं," बाबा म्हणाले.

दादा म्हणाला, दुकान उघडं टाकून आलोय. तो जिना उतरून गेला. बाबा कठड्याला धरून खाली बघत राहिले. धाकटीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो अगदी स्पष्ट होता आणि आता कॅमेरा नव्हता. आतून माइकवर कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारलं आणि खूप टाळ्या वाजल्या, पण सुरुवातीला ठरल्याप्रमाणे ते आपण ऐकलेलं नाही.

सभागृहाबाहेर सूचना व तक्रारींसाठी पेटी ठेवली होती. शेजारी कागद, आणि दोरीनं बांधलेलं पेन. घरी जायच्या आधी धाकटीनं एक कागद घेतला आणि दोरी पुरेल तितकं वाकून लिहिलं:

"माननीय आयोजक समिती यांस, सविनय सादर. माझ्या फिल्मचा पहिला टेक माझ्याच हातून नष्ट झाला असून, फोकस नसलेल्या अवस्थेतही तो स्वीकारण्यास अर्जदार तयार आहे. तरी तो परत मिळावा. ते शक्य नसल्यास, सदर टेकमधील 'येत जा' हे वाक्य माझ्या वडिलांनी आजवर एकदाही उच्चारलेले नाही असे समितीने जाहीर करून तसा सही-शिक्क्याचा दाखला त्यांच्या नावे द्यावा, जेणेकरून त्यांना ते माझ्या भावास पहिल्यांदा म्हणता येईल. दाखला लवकरात लवकर मिळावा, ही नम्र विनंती."