माझ्या पोटातली धूळ

मित्रांनो, मी एक जुनी काचेची नळी आहे आणि मला माणसांच्या बोटांची किळस येते. आधीच सांगितलेलं बरं.

कारागिराने मला फुंकून घडवलं, घासलं, उजेडाला धरून पाहिलं आणि गळ्याशी धरून पेटीत ठेवलं. आम्हाला गळ्याशीच धरायचं असतं. पुढे मी प्रयोगशाळेत आले. तिथे माझ्यात पॉलिमरचं द्रावण भरतात. पॉलिमर म्हणजे साखळीसारखे लांबच लांब रेणू. माझ्यातून लेसरचा लाल किरण सोडला की तो या साखळ्यांमुळे चहूकडे विखुरतो. किती विखुरला यावरून साखळ्या सुट्या आहेत की त्यांच्या गुठळ्या झाल्यात, ते कळतं. पण धुळीचे चार कण आत गेले, तर तेच एवढा उजेड फेकतात की बिचाऱ्या साखळ्यांना कोणी विचारत नाही. म्हणून द्रावण नेहमी गाळून भरायचं.

आमचे सर काहीबाही खात येतात आणि मला थेट पोटाशी धरतात. तो तेलकट अंगठा! शी! एकदा तर त्यांनी न गाळलेलंच द्रावण भरलं. विखुरलेल्या उजेडाचा आकडा भलामोठा आला.

"गुठळ्या! मी म्हणत नव्हतो?" सर नाचायचेच बाकी होते.

"सर, धूळ असेल. मी पुन्हा बघते," त्यांची विद्यार्थिनी म्हणाली. तिला सगळे ताई म्हणतात.

ताईने मला छान धुतलं, द्रावण गाळून भरलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! आकडा लहान आला. गुठळी एकही नव्हती.

"वा! मग तुझ्या प्रबंधात राहिलं काय?" सर म्हणाले. "एवढी वर्षं काय केलंस, ते घरी काय सांगणार आहेस?"

ताईने मला रिकामं करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिने द्रावण तसंच माझ्यात ओतलं. आकडा पुन्हा मोठा आला.

"गाळलंस ना?" सरांनी पडद्याकडे बघत विचारलं.

"हो, सर."

गाळणीचं पाकीट टेबलावर होतं, न फोडलेलं. सरांचा अंगठा परवडला, तो निदान निष्काळजी होता.

आता ताई मला रोज संध्याकाळी धुते. धुऊन झालं की पुन्हा धुते. मी लख्ख होते, तरी तिचा हात लागला की अंगावर काटा येतो. मित्रांनो, मला धुवायचं ते मोजायच्या आधी. नंतर नाही.